तासाला राजकारण निघतं तेव्हा

निवडणुका जवळ आल्या की स्टाफरूममध्ये एक तोंडी सूचना हमखास फिरते: "वर्गात राजकीय काही बोलू नका." सूचना देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ती पाळायची कशी हे त्यालाही सांगता येत नाही. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने मग पोर्शन कसा पूर्ण करायचा? अर्थशास्त्रात करांवर, जीवशास्त्रात लसीकरणावर, साहित्यात सेन्सॉरशिपवर बोलायची वेळ आली की विषय बदलायचा का? सांख्यिकीसारख्या कोरड्या समजल्या जाणाऱ्या विषयातही हे टळत नाही. नमुना निवडण्यातली चूक शिकवायला १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीइतकं चोख उदाहरण सापडणं कठीण. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या, तेवीस-चोवीस लाख परत आल्या, आणि त्या मोजून लँडन हे उमेदवार जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतलेले, म्हणजे मंदीतही बऱ्या परिस्थितीत असलेल्यांचे. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांची मतंही सारखी नव्हती. हे शिकवताना पक्ष येतात, उमेदवार येतात, निकाल येतो. याला प्रचार कोणी म्हणणार नाही.

त्यामुळे 'राजकारण आलं की नाही' हा प्रश्न सोडून देऊन तीन गोष्टी तपासाव्यात. जे बोललं गेलं त्याचा विषयाशी संबंध होता का? वर्गातल्या विद्यार्थ्याला विरोध करायला जागा होती का? आणि त्या विरोधाची किंमत त्याला गुणांत मोजावी लागली का? तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत कमी बोलली जाणारी आहे, असं माझं मत आहे. भांडणं सगळी पहिलीवर होतात.

नागरिक म्हणून आणि प्राध्यापक म्हणून

आधी एक घोळ निस्तरायला हवा. अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि अध्यापनाचं स्वातंत्र्य या दोन गोष्टी सर्रास एकच समजल्या जातात. पृथ्वी सपाट आहे असं चौकात ओरडायचा हक्क नागरिकाला आहे. भूगोलाच्या प्राध्यापकाने तेच तासाला शिकवलं तर तो हक्क त्याच्या कामी येत नाही, कारण तिथे प्रश्न पात्रतेचा होतो. म्हणजे वर्गातलं स्वातंत्र्य नागरिकाच्या स्वातंत्र्यापेक्षा अरुंद आहे. पण दुसऱ्या बाजूने ते रुंदही आहे. सर्वसाधारण नोकराने काम कसं करायचं हे मालक ठरवतो. प्राध्यापकाने कोणता पुरावा मांडायचा, कोणता वाद उघडायचा, कोणती पद्धत वापरायची हे व्यवस्थापनाने ठरवायचं नसतं. ही सवलत त्याला माणूस म्हणून मिळत नाही, विषयातल्या जाणकारीमुळे मिळते. म्हणूनच विषय सुटला की सवलतही सुटते.

अमेरिकेत हा विचार लिखित स्वरूपात आला त्यामागे एक प्रकरण होतं. १९०० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ एडवर्ड रॉस यांची राजकीय मतं संस्थापकाच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांना खटकली आणि रॉस यांना जावं लागलं. निषेध म्हणून काही सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. त्यांतले आर्थर लव्हजॉय पुढे १९१५ मध्ये तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्यासोबत अमेरिकन प्राध्यापकांची संघटना उभी करण्यात आघाडीवर होते. त्या संघटनेचं १९४० चं निवेदन आजही आधाराला घेतलं जातं. त्याचा आशय असा, की आपला विषय शिकवताना प्राध्यापकाला वर्गात मोकळीक आहे, मात्र विषयाशी संबंध नसलेली वादग्रस्त बाब आणताना त्याने काळजी घ्यावी. या वाक्याचा अर्थ काही ठिकाणी 'वादग्रस्त काहीच नको' असा काढला गेला. म्हणून १९७० मध्ये खुलासा जोडला: वाद हा उच्च शिक्षणाचा गाभाच आहे, आक्षेप आहे तो असंबद्ध गोष्ट पुन्हा पुन्हा, चिकाटीने घुसवण्याला. 'पुन्हा पुन्हा' याला इथे फार वजन आहे. एखाद्या तासाला निघालेलं एक वाक्य आणि सत्रभर चाललेली मोहीम यांना एका मापाने मोजता येत नाही.

कायद्यात हे स्वातंत्र्य देशागणिक वेगळ्या जागी बसवलेलं आहे. जर्मनीच्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे तिथल्या घटनेच्या, पाचव्या कलमात कला, विज्ञान, संशोधन आणि अध्यापन मुक्त आहेत असं थेट लिहिलं आहे आणि लगेच पुढे, अध्यापनाचं स्वातंत्र्य राज्यघटनेवरच्या निष्ठेतून मुक्त करत नाही, हेही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या घटनेत सोळाव्या कलमात शैक्षणिक स्वातंत्र्याचा नावानिशी उल्लेख आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्यात रूढ समजुतींना प्रश्न विचारण्याचं आणि वादग्रस्त मतं मांडण्याचं स्वातंत्र्य नोकरीला धक्का न लागता मिळावं, अशी तरतूद आली. भारताच्या घटनेत 'शैक्षणिक स्वातंत्र्य' असे शब्द नाहीत. आधार घ्यावा लागतो तो अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या कलम १९(१)(क) चा, आणि त्याला १९(२) ची वाजवी बंधनं लागू होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतल्या व्यावसायिक आचारसंहितेत मात्र कामाची वाक्यं आहेत: मत मांडण्याच्या विद्यार्थ्याच्या हक्काचा आणि प्रतिष्ठेचा मान राखावा, त्याच्या राजकीय ओळखीवरून भेदभाव करू नये, आणि विद्यार्थ्यांना इतर विद्यार्थी, सहकारी किंवा प्रशासन यांच्याविरुद्ध चिथावू नये. यातलं शेवटचं कलम सैलपणे वापरलं जाऊ शकतं. टीका आणि चिथावणी यांत फरक आहे, आणि तो दाखवायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची असली पाहिजे.

विषयाशी संबंध ही कसोटी प्रत्यक्षात कशी चालते हे दोन अमेरिकी निकाल शेजारी ठेवले की दिसतं. केंटकीतल्या एका सामुदायिक महाविद्यालयात परस्पर संवाद या विषयाचा तास. भाषा माणसांना कशी हिणवते यावर चर्चा, प्राध्यापकाने विद्यार्थ्यांकडूनच अशा शब्दांची उदाहरणं मागितली, आणि वंश-लिंगावरून दिल्या जाणाऱ्या शिव्या वर्गात उच्चारल्या गेल्या. एका विद्यार्थिनीने तक्रार केली, प्राध्यापकाला पुढच्या सत्रात तास मिळाले नाहीत. २००१ मध्ये अपील न्यायालयाने 'हार्डी' प्रकरणात त्याच्या बाजूने कौल दिला: शब्द कितीही बोचरे असले तरी ते शिकवण्याच्या मुद्द्याचा भाग होते. उलट टेक्सासमधल्या 'मार्टिन' प्रकरणात (१९८६) अर्थशास्त्राचा प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या आळशीपणावर वैतागून वर्गात अर्वाच्य बोलत होता. त्याची बडतर्फी कायम राहिली, कारण त्या शब्दांचा अर्थशास्त्राशी काही संबंध नव्हता. शब्दांची जातकुळी जवळपास सारखीच. फरक ते कशासाठी वापरले यात.

आधी कागद

कायद्याची वेळ शेवटी येते. त्याच्या कितीतरी आधी सत्र नियोजनाचा कागद कामाला येतो, आणि बहुतेक प्राध्यापक तो नॅकपुरता (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला दाखवण्यापुरता) बनवून फायलीत टाकतात.

नियोजनात प्रत्येक वादग्रस्त घटकापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: कोणता प्रश्न घेणार, कोणतं वाचन देणार, आणि त्यातून विद्यार्थ्याला कोणतं कौशल्य यायला हवं. 'आरक्षण: चर्चा' एवढ्यावर भागत नाही. 'घटक ४: समान संधीच्या दोन व्याख्या; दोन न्यायालयीन निकालांतील बहुमत आणि अल्पमत यांची तुलना; निकालपत्रातील युक्तिवाद वेगळा काढता येणे' असं लिहिलं की उद्या कोणी विचारलं, "हे का शिकवलंत?" तर उत्तर तयार असतं, आणि ते तक्रारीच्या आधीच्या तारखेचं असतं. नंतर दिलेलं स्पष्टीकरण, खरं असलं तरी, सारवासारव वाटते.

ऐन वेळी निघालेल्या विषयासाठी एका वाक्याची चाचणी पुरते: 'हे आपण … या घटकासाठी बघतोय.' मोकळी जागा मनातल्या मनात भरता आली तर बोलावं. भरता आली नाही तर "हा चांगला प्रश्न आहे, तासानंतर बोलू" म्हणून पुढे जावं. रसायनशास्त्राच्या तासाची पहिली दहा मिनिटं कालच्या बातम्यांवर गेली तर ती या चाचणीत बसत नाहीत. युद्धात वापरलेल्या क्लोरीनची रासायनिक क्रिया बसते.

तथ्य, पद्धत, मूल्य

राजकीय विषय वर्गात बिघडतो तो बहुतेकदा तीन वेगळ्या थरांची सरमिसळ झाल्यामुळे. एक उदाहरण नीट उलगडून बघू: किमान वेतन.

१ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सी राज्याने ताशी किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ च राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्टफूड दुकानांत फोनवरून आधी आणि नंतर विचारपूस केली, आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापला की न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं दिसत नाही. पाठ्यपुस्तकातल्या मागणी-पुरवठ्याच्या आकृतीला हा धक्का होता. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी मग दुकानांच्या पगारपत्रकांवरून आकडे काढले आणि उलट निष्कर्ष मांडला. २००० मध्ये कार्ड-क्रूगर यांनी सरकारी नोंदींवरून पुन्हा तपासलं आणि परिणाम फारसा नाही, यावर ते कायम राहिले.

आता थर बघा. वेतन कितीवरून किती झालं, किती दुकानं पाहिली, हे तथ्य. इथे 'दुसरी बाजू' नसते. चुकीचा आकडा सांगणाऱ्या विद्यार्थ्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आकडा चुकला असंच सांगावं. फोनवरून विचारलेली माहिती भरवशाची की पगारपत्रकातली, दोन राज्यांची तुलना रास्त आहे का, हा पद्धतीचा वाद. इथे प्राध्यापकाने आपलं व्यावसायिक मत द्यायलाच हवं, त्यासाठीच त्याला पगार मिळतो. आणि थोडे रोजगार जाऊन उरलेल्यांचं वेतन वाढत असेल तर ते चालेल का, हा मूल्यांचा प्रश्न. अर्थशास्त्रातली पदवी इथे जास्तीचं मत देत नाही. फळ्याचे तीन उभे भाग करून विद्यार्थ्यांना प्रत्येक विधान योग्य रकान्यात लिहायला लावलं, तर अर्धा गदारोळ आपोआप उतरतो. मूल्यांच्या रकान्यात पडायला हवं होतं ते वाक्य तथ्य म्हणून ठोकणारा पुष्कळदा प्राध्यापकच असतो. हा व्यायाम त्यालाही लागू पडतो.

याच्या उलट चूकही होते, आणि सध्या तीच जास्त दिसते. तक्रारीच्या धास्तीने तथ्यांनाही दोन बाजू दिल्या जातात. १९७६ साली जर्मनीतल्या बॉइटल्सबाख इथे राजकीय शिक्षणावर बैठक झाली आणि तिथून तीन तत्त्वं निघाली: विद्यार्थ्याला भारावून वा दडपून आपलं मत गळी उतरवायचं नाही, अभ्यासकांत आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं, आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती व हित ओळखून राजकीय प्रश्न तपासता आला पाहिजे. दुसरं तत्त्व उलटं करून वाचलं तरी उपयोगी आहे. अभ्यासकांत ज्यावर वाद उरलेला नाही त्याला समतोलाच्या नावाखाली वादाचा मुखवटा चढवणं ही विद्यार्थ्यांची फसवणूक आहे. उत्क्रांती झाली का, यावर जीवशास्त्राच्या वर्गात मतदान घेत नसतात.

स्वतःचं मत सांगावं का?

यावर जुना वाद आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९१७ मध्ये म्युनिकच्या व्याख्यानात म्हटलं होतं की व्याख्यानगृहात राजकारणाला जागा नाही, कारण तिथे समोरच्याला गप्प बसून ऐकावं लागतं आणि ऐकवणाऱ्याला विरोधक नसतो. मुद्दा बिनतोड आहे. हजेरी सक्तीची, गुण समोरच्याच्या हातात, अशा श्रोत्यांपुढचं भाषण सभेतल्या भाषणासारखं नसतं. पण त्यावरचा वेबर यांचा उपाय मला अर्धाच पटतो. मत लपवलं तरी ते वाचनाच्या यादीतून, उदाहरणांतून, कोणाच्या प्रश्नावर भुवया उंचावल्या त्यातून झिरपतंच. झिरपलेल्या मतावर विद्यार्थ्याला हरकतही घेता येत नाही.

माझ्या मते सांगायला हरकत नाही, पण विद्यार्थ्याने विचारलं तरच, दोन्ही बाजूंची मांडणी संपल्यावर, 'हे माझं मत' अशी खूण करून, आणि त्या मताविरुद्धचा सगळ्यांत जड युक्तिवाद त्याच दमात सांगून. हा शेवटचा भाग जमत नसेल तर मत सांगायची वेळ अजून आलेली नाही. परीक्षेच्या किंवा सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात विचारलं तरी टाळावं. त्या काळात प्रत्येक वाक्य 'पेपरात हेच लिहायचं' असं ऐकलं जातं. 'कुठल्याही शहाण्या माणसाला पटेल' ही सुरुवात तर कायमची बाद करावी.

आणि विनोद. तक्रारींचा मोठा वाटा व्याख्यानातल्या युक्तिवादावर नसतोच, जाता जाता मारलेल्या कोपरखळीवर असतो. नेत्याच्या बोलण्याची नक्कल, पक्षाच्या समर्थकांची उडवलेली टोपी. युक्तिवादाला उत्तर देता येतं, हशाला देता येत नाही. ज्याच्या घरी तो नेता मानतात तो विद्यार्थी त्या क्षणी वर्गाबाहेर पडतो, बसलेला बाकावरच असतो. विषयाशी संबंध ही ढाल विनोदाला मिळत नाही. पन्नास मिनिटांत सगळ्यांत सहज टाळता येण्यासारखी चूक हीच आहे.

चर्चेचा तास

पन्नास मिनिटांची साधारण आखणी अशी ठेवता येते: नियमांना ३ मिनिटं, दिलेला उतारा वाचायला ७, गप्प बसून लिहायला ४, शेजाऱ्याशी बोलायला ६, पूर्ण वर्गाची चर्चा २०, बाजू बदलून मांडणी ६, शेवटी चिठ्ठीवर लिहायला ४. यातली गप्प बसून लिहायची चार मिनिटं कापायचा मोह सगळ्यांना होतो, आणि नेमकी तीच कापू नयेत. लिहिलं नाही की पहिला बोलणारा वर्गाचा सूर ठरवतो, दोघं-तिघं बोलत राहतात आणि बाकीचे सरांना काय ऐकायचं आहे याचा अंदाज बांधत बसतात. हातात चार ओळी असल्या की लाजाळू विद्यार्थीही निदान त्या वाचून दाखवू शकतो.

हात वर करून मतदान घेऊ नये. त्यात विद्यार्थ्याला स्वतःची राजकीय ओळख साठ जणांपुढे जाहीर करावी लागते, आणि तास संपला तरी ती ओळख राहते. कौल हवाच असेल तर बिननावाच्या चिठ्ठ्या घ्याव्यात. एखाद्या समाजातल्या विद्यार्थ्याला "तुमच्याकडे याबद्दल काय वाटतं?" असं विचारणं तर अन्यायच आहे, तो एका विषयाला बसलेला विद्यार्थी आहे, कोणाचा प्रवक्ता नाही.

विद्यार्थी काहीतरी भडक बोलतो तेव्हा काय? बोलण्यातला दावा उचलायचा, माणूस सोडायचा. "हा आकडा कुठला?", "याच्या उलट काय दिसलं तर तू मत बदलशील?" असे प्रश्न बहुतेक वेळा पुरतात. वर्गातल्या एका व्यक्तीवर रोख धरून बोलणं, धमकी, किंवा दुसऱ्याला बोलूच न देणं, हे मात्र तिथल्या तिथे थांबवायचं. नुसतं ऐकायला त्रासदायक मत थांबवायचं नाही. ही रेघ पहिल्या तासाला सांगून ठेवली तर पाळता येते, भांडण पेटल्यावर आखली तर पक्षपाती दिसते.

मांडणीसाठी कोणाला कोणती बाजू हे चिठ्ठ्या काढून ठरवावं आणि 'ही नेमून दिलेली बाजू' असं वहीत नोंदवावं. खऱ्या जगात सही करायला लावणारी असाइनमेंट हा वेगळाच धोका. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी स्टेट विद्यापीठात समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीने दावा लावला: असाइनमेंट म्हणून समलिंगी जोडप्यांच्या दत्तक हक्काला पाठिंबा देणाऱ्या पत्रावर सही करायला सांगितली आणि नकार दिल्यावर कारवाई झाली, असं तिचं म्हणणं होतं. विद्यापीठाने तडजोड केली. लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणं हा उत्तम सराव आहे. बाजू विद्यार्थ्याने निवडावी, आणि ते पोस्टात टाकायची सक्ती नसावी, एवढंच.

गुण

आता खऱ्या दुखण्याकडे. प्रश्नपत्रिकेतलं एक क्रियापद बाजू घेऊ शकतं. 'या धोरणाचे दुष्परिणाम स्पष्ट करा' यात निकाल आधीच लागलेला आहे. 'या धोरणाचे परिणाम पुराव्यासह तपासा' यात नाही.

मतप्रदर्शनाच्या उत्तरासाठी गुणवाटप आधी ठरवून विद्यार्थ्यांना द्यावं. वीस गुणांचं असेल तर पुराव्याच्या वापराला ८, विरुद्ध बाजूच्या प्रामाणिक मांडणीला ५, युक्तिवादाच्या बांधणीला ५, भाषेला २. घेतलेल्या बाजूला शून्य, आणि हे शून्य कागदावर स्वच्छ लिहावं. नाव झाकून, फक्त क्रमांकावर तपासावं. एक उत्तरपत्रिका पूर्ण तपासून दुसरी घेण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं तपासलं तर आधीच्या उत्तराची छाप पुढच्या उत्तरावर पडत नाही.

स्वतःचा कल तपासायची साधी रीत अशी: एका बाजूची पाच आणि विरुद्ध बाजूची पाच उत्तरं निवडा, आपले गुण झाकून सहकाऱ्याला तपासायला द्या, सहकारी शक्यतो वेगळ्या राजकीय मताचा असावा. फरक दोन्ही बाजूंना विखुरलेला असेल तर ती नेहमीची कमी-जास्त. आपल्याला न पटणाऱ्या बाजूच्या पाचपैकी चार उत्तरांना सहकाऱ्याने दोन-तीन गुण जास्त दिले असतील तर गठ्ठा पुन्हा तपासायला हवा. कल सहसा उघड सूड म्हणून येत नाही. आपल्याला पटणाऱ्या उत्तरातली पुराव्याची उणीव आपण मनातल्या मनात भरून काढतो आणि न पटणाऱ्या उत्तरात तीच उणीव लाल शाईने दाखवतो, असं ते घडतं.

इंटर्नल (अंतर्गत गुण) आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) नाव झाकता येत नाही, म्हणून तिथे धोका जास्त. व्हायवाला दोन परीक्षक, प्रश्नांची ठरलेली यादी, आणि गुण लिहून झाल्यावरच आपसात चर्चा. शिफारसपत्र नाकारायचं असेल तर कारण विद्यार्थ्याच्या कामातलं असावं, सभेतल्या त्याच्या फोटोतलं नाही.

दीड मिनिटाची क्लिप

पन्नास मिनिटांतलं दीड मिनिट फोनवर टिपलं जातं आणि रात्री गावभर होतं. रेकॉर्डिंगचा नियम सत्राच्या सुरुवातीला लेखी असावा: अभ्यासासाठी परवानगीने चालेल, अपंग विद्यार्थ्याला गरज असेल तर नाकारता येणार नाही, बाहेर पाठवायचं नाही, कारण त्यात इतर विद्यार्थ्यांचे आवाज आणि मतं असतात. नियमाने क्लिप थांबत नाही, पण जबाबदारी कोणाची हे ठरतं.

क्लिप फिरलीच तर त्या रात्री काहीही लिहू नये, समाजमाध्यमावर तर नाहीच. जुन्या पोस्ट उडवू नयेत. उडवलेलंच जास्त पसरतं. आठवण ताजी असताना, दुसऱ्या दिवसापर्यंत, तारीख, तास, घटक, फळ्यावर काय होतं, प्रश्न कोणी विचारला आणि आधी-नंतर काय बोललं गेलं, एवढं एका पानावर लिहून सही करून ठेवावं. सोबत नियोजनाचं पान, वाचनाची यादी, स्लाइड. क्लिप कोणी काढली याचा शोध घेऊ नये. तो सूड वाटतो आणि पुढची तक्रार त्यावरच होते. तक्रारदार कळला असेल तर त्याच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे द्याव्यात आणि तसं विभागप्रमुखांना लेखी कळवावं. तोंडी बोलावणं आलं तर तक्रारीची प्रत मागावी, नेमके शब्द कोणते आणि कोणता नियम मोडला हे विचारावं, बैठकीला एक सहकारी सोबत न्यावा. कारणे दाखवा नोटिशीला दिलेल्या मुदतीतच, पण फक्त विचारलेल्या मुद्द्यांवर उत्तर द्यावं. दहा पानी तत्त्वचिंतन तिथे कोणी वाचत नाही.

प्राचार्यांची पहिली चूक ठरलेली असते: दबाव उतरावा म्हणून तपासाआधी निलंबन. दुसरी, 'संस्था या मताशी सहमत नाही' असं पत्रक. एकदा असं पत्रक काढलं की पुढच्या प्रत्येक प्राध्यापकाच्या प्रत्येक मतावर संस्थेने भूमिका घ्यावी अशी मागणी होते, आणि गप्प राहिलं तर सहमती धरली जाते. शिकागो विद्यापीठाच्या कॅल्वन समितीने १९६७ मध्ये हेच सांगितलं होतं: टीका करणारे घटक म्हणजे प्राध्यापक आणि विद्यार्थी, विद्यापीठ हे त्या टीकेचं घर आहे, स्वतः टीकाकार नाही. 'तक्रार आली आहे, नियमानुसार तपासली जाईल' एवढ्या एका ओळीवर थांबावं. तक्रार त्या वर्गातल्या विद्यार्थ्याची आहे की वर्गात कधी न बसलेल्या बाहेरच्या माणसाची, हे आधी बघावं. दुसरीला वर्गातल्या अध्यापनाबद्दलची तक्रार म्हणून तेवढंच वजन देता येत नाही.

ज्यांना हे काहीच लागू होत नाही

वरचं बरंचसं कायम नोकरीतल्यांसाठी झालं. तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर शिकवणाऱ्याला नोटीस येत नाही, चौकशी समिती बसत नाही. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात त्याचं नाव नसतं, बस. 'हार्डी' प्रकरणातला प्राध्यापकही अशाच अर्धवेळ नेमणुकीवर होता. १९४० च्या निवेदनाने स्वातंत्र्य आणि नोकरीची शाश्वती एकाच कागदावर लिहिली आणि उमेदवारीचा, म्हणजे कायम होण्याआधीचा, काळ जास्तीत जास्त सात वर्षांचा ठेवला, ते यामुळेच. युनेस्कोच्या १९९७ च्या शिफारशीतही दोन्ही एकत्रच येतात. शाश्वती काढून घेतली की उरलेलं स्वातंत्र्य वापरायला कोणी धजत नाही. वादग्रस्त घटक मग 'स्वतः वाचून या' म्हणून सोडला जातो, आणि त्याची तक्रार कोणीच करत नाही.

विभागप्रमुखाला कायदा बदलता येत नाही, पण तीन गोष्टी त्याच्या हातात असतात. तास न देण्याचं कारण सत्र सुरू होण्याआधी लेखी द्यायचं, अशी विभागाची रीत पाडता येते. वादग्रस्त घटकांचं वाचन विभागाच्या बैठकीत मंजूर करून इतिवृत्तात नोंदवता येतं, म्हणजे तक्रार आली तर ती एकट्या तासिकावाल्यावर न येता विभागावर येते. आणि असे घटक वाटताना ते कायम प्राध्यापकांनी आधी उचलायचे, नव्या माणसाच्या गळ्यात मारायचे नाहीत. यातलं दुसरं काम सर्वांत स्वस्त आहे: बैठक दर सत्राला होतेच, तिच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढते.